आपला क्रमांक आला आहे

रविवारी सकाळी रंगीत तालीम होती. त्या तालमीत धाकट्याचा नंबर आला, तीन मिनिटं थांबला आणि निघून गेला. धाकट्याला त्याचा पत्ताही लागला नाही.

तो आपला कानाला हेडफोन लावून, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून ताठ बसला होता. खोलीत दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही असा नियम होता आणि कॅमेरा चालू होता, म्हणून ताई उंबऱ्याबाहेर उभी. तिच्या हट्टाखातर त्याने आज लॅपटॉपचा पडदा उजळ ठेवला होता, एरवी तो काळाच असे. पडद्यावर हिरवी पट्टी आली. 'आपला क्रमांक आला आहे. कृपया शाळा निवडा.' खाली एकशे ऐंशी सेकंदांचं घड्याळ पळायला लागलं. ताईला वाटलं, विचार करतोय. साठ सेकंद उरले तरी तिला वाटलं, विचार करतोय. मग पट्टी लाल झाली. 'वेळ संपली. शिल्लक जागांमधून नेमणूक करण्यात येईल.'

"ताई," धाकटा म्हणाला, "फार हळू चाललंय गं तुमचं हे. अजून माझा नंबरच आला नाही."

संगणकावरचं ते पान भरतीच्या ऑफिसात ताईनेच लिहिलं होतं.

घरात त्याला धाकटा म्हणत आणि चौतीस वर्षांचा घोडा झाला तरी म्हणतच राहिले. जन्मापासून त्याला दिसत नाही. पण उठावाचे नकाशे बोटांनी वाचून वाचून जगातल्या नद्या, खिंडी आणि बंदरं त्याला तोंडपाठ. शाळेत भूगोल शिकवायचा, सहा वर्षं, कंत्राटावर. स्वतः मात्र या एका घराबाहेर कधी राहिला नव्हता. "मी भूगोलाचा मास्तर," तो म्हणे, "आणि माझा प्रवास कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत." लोक हसायच्या आत तोच हसून मोकळा व्हायचा.

आता कायमच्या जागा निघाल्या होत्या आणि गुणवत्ता यादीत त्याचा नंबर एकशे सदतीस लागला होता. बुधवारी प्रत्येकाने आपापल्या घरून, कॅमेऱ्यासमोर, एकट्याने बसायचं. नंबर आला की तीन मिनिटांत उरलेल्या शाळांतली एक निवडायची. ज्याची वेळ चुकेल त्याला शेवटी जे उरेल ते मिळणार, आणि तक्रार ऐकली जाणार नाही. अर्जात 'मदतनीस हवा का' असा एक रकाना होता. धाकट्याने तो रिकामा सोडला. "मदतनीस कशाला? पान तू लिहिलंयस ना?" असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि ताई खुशीत हसली होती. आता त्या रकान्याची मुदत संपली होती.

तिचा डोळा कोपऱ्यावरच्या शाळेवर होता. फाटकापासून सहाशे दहा पावलं, तिने स्वतः मोजलेली. शनिवारी शाळांची यादी आली, तीही कागदाचा फोटो काढून चिकटवलेली. संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, धाकटा कायम वापरायचा. त्याचं नाव त्याने पोपटराव ठेवलं होतं. फोटोपुढे पोपटरावांनी हात टेकले, तेव्हा ताईने यादी वाचून दाखवली. लहानपणापासून ते काम तिचंच. पत्रं, नोटिसा, निकाल, औषधांच्या बाटल्या, सगळं. आठ-आठ नऊ-नऊ तासांवरच्या शाळा वाचण्यात उगाच वेळ कशाला घालवा, म्हणून तिने त्या गाळल्या. कोपऱ्यावरची शाळा मात्र दोनदा वाचली.

"नंबर आला होता," ताईने त्याला रविवारी सांगितलं. "पान बोललं नाही. चूक माझी आहे."

हेडफोन काढून धाकट्याने त्याची वायर बोटाभोवती गुंडाळली.

"बुधवारपर्यंत बोलेल?"

"बोलेल," ताई म्हणाली. आवाज तिने असा काढला, की जणू पान शेजारच्या खोलीत बसलंय आणि हाक मारायचाच काय तो अवकाश आहे. बाबा चहा घेऊन आले तेव्हा ती पान पुन्हा पहिल्यापासून तपासत होती.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पान बनलं तेव्हा ताईने आधी भावाकडूनच तपासून घेतलं होतं. प्रत्येक बटणाला नाव आहे का, तक्ता नीट वाचला जातो का. धाकट्याने पैकीच्या पैकी मार्क दिले होते. पण तेव्हा पान जागच्या जागी उभं होतं. नंबर खोटे आणि घड्याळ बंद. हलतं पान कानांनी कुणी तपासलंच नाही. नवं पान उघडलं की पोपटराव ते वरून खाली वाचतात. पान तेच राहिलं आणि त्यातली एकच ओळ गुपचूप बदलली, तर त्यांना कळायला मार्ग नसतो. डोळस माणसाला हिरवा रंग कोपऱ्यातूनही दिसतो. पोपटरावांना आधी सांगून ठेवावं लागतं, की बाबा रे, या जागेवर लक्ष ठेव, इथे काही आलं की बोल. ताईने ते सांगितलंच नव्हतं. मग ऐन वेळी त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली, यात त्यांचा काय दोष?

सोमवारी ती ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचली. घाईत माणूस करतो तेच तिने केलं. पट्टी, घड्याळ, शाळांचा तक्ता, सगळ्यावर 'तातडीने बोल' अशी खूण लावून टाकली. मग टेस्टरबाईंना बोलावलं. या बाई दुसऱ्यांच्या कामात खोट काढण्याचा पगार घेत आणि तो पुरेपूर फेडत. त्यांनी आधी ताईचा मॉनिटर बंद केला.

"आता ऐका," त्या म्हणाल्या.

"आपला क्र... एकशे एकोणऐंशी. एकशे अठ्ठ्याहत्तर. एकशे सत्त्या... एकशे शहात्तर." दर सेकंदाला घड्याळ ओरडत होतं आणि स्वतःचंच वाक्य तोडत होतं. नंबर आलाय हे त्यातून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. आगीतून उठून फुफाट्यात पडल्यासारखं झालं.

ताईने सगळ्या खुणा उपटून टाकल्या. आता नंबर आला, की तेवढ्याच वेळी पानावर एक नवी चौकट उगवेल, तीत निरोप असेल, आणि लक्ष ठेवायची खूण फक्त त्या चौकटीला. पहिल्यांदा पोपटराव स्वच्छ बोलले. ताईने डोळे मिटून मोठा श्वास घेतला. दुसऱ्यांदा गप्प राहिले, तिसऱ्यांदा बोलले आणि चौथ्यांदा पुन्हा गप्प. कधीच न बोलणारं पान परवडलं. कधी बोलेल आणि कधी नाही, अशा पानावर भावाला कसं बसवायचं?

टेस्टरबाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. "तुमच्याकडे दूधवाला येतो ना? तुम्ही भांडं कधी ठेवता?"

"तो यायच्या आधी."

"मग इथे दूध आणि भांडं एकदमच का आणताय? चौकट पान उघडल्यापासून ठेवा. रिकामी. तो वाचणारा तिच्यावर डोळा ठेवून बसेल. नंबर आला की नुसता निरोप आत टाका."

इतकी साधी गोष्ट आणि ती बारा वर्षं हे काम करणाऱ्या बाईला सुचली नाही. ताईला स्वतःचाच राग आला. तिने रिकामी चौकट ठेवली आणि वीस वेळा नंबर आणवला. वीसही वेळा पोपटराव बोलले. घड्याळाला गप्प केलं. फक्त एक मिनिट उरलं की एकदा आणि वीस सेकंद उरले की एकदा, एवढंच बोलायचं. निवड नोंदली गेली की तेही सांगायचं. शाळांचा तक्ता आपणहून बोलणार नाही. ज्याला हवा त्याने बाण दाबत एकेक ओळ ऐकावी, खाली आकडे बदलले तरी त्याची जागा हलणार नाही.

"आणि कोपऱ्यावरच्या शाळेतल्या जागा कमी झाल्या, तर तेवढं सांगूया का?" ताई म्हणाली.

"कुणाच्या कोपऱ्यावरच्या?" टेस्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ताई ओशाळली आणि तो विषय तिथेच संपला.

खरी अडचण साहेबांची होती. तालीम झाल्यावर पान गोठवायचं, एक अक्षर बदलायचं नाही, हा त्यांचाच नियम.

"बारा हजार उमेदवार आहेत," साहेब म्हणाले. "तुमच्या या दोन ओळींनी त्यांचं काही बिघडलं तर? आणि न दिसणारे किती आहेत?"

"एकतीस."

"एकतीस," साहेबांनी तो आकडा चवीला बरा नसल्यासारखा उच्चारला.

"त्यातला एक माझा भाऊ आहे, साहेब."

बोलून गेली आणि तिला कळलं, की करायला गेले एक आणि झालं भलतंच. साहेब खुर्चीत मागे सरकले. "मग तर तुम्ही याला हातच लावू नका. उद्या कुणी म्हणालं, बाईंनी भावासाठी पान बदललं, तर मी काय उत्तर देऊ?"

तेवढ्यात टेस्टरबाई आत आल्या आणि त्यांनी साहेबांच्या कानाला हेडफोन लावला. जुनं पान उघडलं आणि मॉनिटर बंद केला. "नंबर आला की सांगा, साहेब." साहेब बसले. आधी मजेत, मग जरा अस्वस्थ. मधेच त्यांनी हेडफोन दाबून पाहिला. साडेचार मिनिटांनी त्यांनी विचारलं, "कधी येणार आहे?"

"येऊन गेला," टेस्टरबाई म्हणाल्या. "तुम्हाला आता जे उरेल ते."

साहेबांनी परवानगी दिली, पण दोन अटींवर. शेवटची तपासणी टेस्टरबाईंची, आणि भावाची नोंद ताईने उघडून पाहायची नाही. ताईने मान डोलावली. घरी जाऊन तिने धाकट्याला सांगितलं, की पान बोलतंय. तो म्हणाला, "मला माहीत होतं." त्या तीन शब्दांनी तिच्या छातीवर मणाचं ओझं ठेवलं. त्याला माहीत होतं, तिला मात्र खात्री नव्हती.

बुधवारी दहाला सुरुवात झाली. ऑफिसच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर भूगोलाचे नंबर सरकत होते. एका बाजूला नंबर आणि त्याची अवस्था, दुसऱ्या बाजूला शाळा आणि उरलेल्या जागा. नाव कुणाचंच नाही. बहुतेक जण वीस-पंचवीस सेकंदांत उरकत होते. घरून ठरवूनच बसलेले. एकशे दहा, एकशे अकरा. कोपऱ्यावरच्या शाळेत चारच्या तीन जागा झाल्या, मग दोन. ताईने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. घार हिंडते आकाशी आणि चित्त तिचं पिलापाशी, तसं तिचं झालं होतं. फक्त ही घार खुर्चीला खिळलेली.

"एकशे चोवीस नंबर आपल्या एकतिसांतलाच," टेस्टरबाई हळूच म्हणाल्या. "चाळीस सेकंदांत निवडलं त्याने. बोलतंय पान."

त्याचं बोललं म्हणजे धाकट्याचं बोलेलच असं कुठे आहे, ताईच्या मनात आलं. हेडफोनची वायर सैल असेल. पोपटरावांची आवृत्ती जुनी असेल. बाबा विसरून खोलीत गेले असतील आणि कॅमेऱ्यातून पाहणाऱ्या माणसाने त्याला बाद केलं असेल. एकदा चिंतेने घरात पाय ठेवला, की ती एकेक पाहुणा बोलावत सुटते.

अकरा वाजून आठ मिनिटांनी एकशे सदतीस पिवळा झाला. म्हणजे नंबर सुरू.

तीस सेकंद गेले. कोपऱ्यावरच्या शाळेत दोन जागा होत्या आणि ती यादीत तिसरी होती. बाण तीनदा दाबायचा आणि एंटर. एवढंच. एक मिनिट गेलं. ताईने घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि घड्याळाकडे बघितलं. नव्वद सेकंद. रविवारचा तो ताठ बसलेला, काहीच माहीत नसलेला पाठमोरा भाऊ तिच्या डोळ्यांपुढे आला. ती उठली. फोन करायला म्हणून उठली आणि धाकट्याचा फोन बाबांकडे, बाहेरच्या खोलीत, हे आठवून परत बसली. बाबांना सांगून उपयोग नव्हता. कुणी आत गेलं तर तो बाद. दोन मिनिटं.

"आता त्याला 'एक मिनिट उरलं' ऐकू आलं असेल," टेस्टरबाई म्हणाल्या.

ताईला खरंच रडू येत होतं आणि ऑफिसात रडायचं नाही एवढंच ती स्वतःला बजावत होती. एकशे साठ. वीस उरले. एकशे पासष्ट. सत्तर.

एकशे एकाहत्तराव्या सेकंदाला एकशे सदतीस हिरवा झाला. निवड नोंदली.

टेस्टरबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ताई हसली, डोळे पुसले, आणि मग तिचं लक्ष पडद्याच्या दुसऱ्या बाजूला गेलं. कोपऱ्यावरच्या शाळेपुढे अजून दोनच लिहिलेलं होतं. तिने थोडं थांबून पाहिलं. दोन.

घड्याळाच्या धाकाने त्याने भलतंच बटण दाबलं, दुसरं काय. तिने बाबांना फोन लावला. "आलाय बाहेर," बाबा म्हणाले. "चहा मागतोय. खुशीत दिसतो बुवा." म्हणजे आपण काय करून बसलोय हेही त्याला कळलेलं नाही. साहेबांना विचारून ताई तशीच निघाली. बसमध्ये उभ्या उभ्या ती तक्रारीचा अर्ज मनात लिहीत होती. चूक उमेदवाराची नाही, पान लिहिणारीची आहे, मी कबूल करते. नोकरी गेली तर जावो.

धाकटा आपल्या खोलीत लॅपटॉपपुढे बसला होता. पडदा नेहमीसारखा काळा.

"कोपऱ्यावरची शाळा शिल्लक होती," ताई दारातूनच म्हणाली. "दोन जागा होत्या. ते बोललं नाही का?"

"बोललं. 'शिल्लक दोन.' दोनदा ऐकलं मी."

"मग घड्याळ?"

"तेही बोललं. एक मिनिट, मग वीस सेकंद. झकास झालंय पान, ताई. पोपटराव तुला दंडवत घालतील."

"मग काय घेतलंस तू?"

त्याने बंदराच्या एका गावाचं नाव घेतलं. नकाशावर त्याने ते ताईच्या बोटाला कितीदा तरी दाखवलं होतं. जमीन आत वळते आणि समुद्र पोटात येतो ती जागा. घरापासून नऊ तास.

"ती यादीत कुठे होती?" ताईने विचारलं, पण विचारताना तिला उत्तर माहीत होतं.

"एकोणचाळिसावी." धाकट्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "शनिवारी तू वाचलीस तेव्हा बावीस शाळा होत्या. आज एकेचाळीस निघाल्या. आधी वाटलं, पोपटराव चुकतायत. म्हणून पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. त्यात वेळ गेला."

ताई पलंगाच्या कडेवर बसली. काहीतरी म्हणावं म्हणून तिने तोंड उघडलं. पण म्हणण्यासारखं एकच होतं, आणि ते असं, की लांबच्या कशाला वाचायच्या. ते तिला म्हणवलं नाही. आणखी काय काय गाळलं होतं ते आठवायला लागलं. आईचा शेवटचा तपासणी अहवाल. परगावच्या कॉलेजचं एक पत्र. त्या त्या वेळी तिला ते बरोबरच वाटलं होतं.

"नेमणूकपत्र आलंय," धाकटा म्हणाला. "ऐकतेस?"

त्याने हेडफोनची वायर उपटली. पोपटराव नेहमीच्या वेगाने सुटले. तीस सेकंदांत पत्र संपलं आणि ताईच्या हाती एक शब्द लागला नाही.

"काय म्हणाले?"

"एक तारखेला हजर व्हायचं. शाळेच्या आवारात राहायला खोली आहे. सामानाची एक यादी आहे."

"अजून?"

"बाकी विशेष काही नाही," धाकटा म्हणाला.

तो स्वर ताईच्या ओळखीचा होता. तीस वर्षं तिने तोच वापरला होता.

"हळू कर त्यांना," ती म्हणाली. "पुन्हा लाव, पहिल्यापासून. मला सगळं ऐकायचंय."

धाकट्याचा हात कीबोर्डवर थोडा घुटमळला. मग त्याने एकेक पायरी वेग उतरवला, पार खाली, लहान मुलाला वाचून दाखवतात तितका. पोपटराव संथपणे वाचू लागले. एक तारीख, खोली, सामानाची यादी. मग, 'रुजू झाल्यापासून तीन वर्षे बदलीसाठी अर्ज करता येणार नाही.'

"तीन वर्षं," ताई म्हणाली.

"हो."

पोपटराव पुढे वाचत होते. खाली साहेबांची सही, दिनांक, कार्यालयाचा पत्ता. दोघं शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत बसले.